पेटी कुणाला द्यायची?

ताई,
मी फोंडा तालुक्यातली, वय ५८. मला अहो-जाहो करू नका, धाकटी बहीण समजा. माझे यजमान मराठी शाळेत शिक्षक होते, गाव अजून त्यांना मास्तरच म्हणतो. देवळात भजनाला पेटी तेच वाजवत. मार्चमध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, आता तो यकृतात पसरलाय. डॉक्टरांनी मला आणि दिराला बाजूला घेऊन सांगितलं, आता उपचारांचा उपयोग नाही, घरी न्या, काही आठवडे मिळतील. मास्तरांना आम्ही ‘कावीळ मुरलीय’ एवढंच सांगितलंय.

दोन चमच्यांवर जेवण जात नाही. नणंद म्हणते, मी त्यांना उपाशी ठेवते. दीर म्हणतात, मुंबईला नेऊया, नाहीतर निदान सलाईन लावूया. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, पण शेजारी म्हणतात त्या घेतल्या की माणूस पुन्हा उठत नाही, म्हणून ते कण्हायला लागले तरच देते. मुलगा बोटीवर आहे, त्याला कधी बोलवू? त्यात गणपतीची चवथ तोंडावर आलीय आणि तेवढ्यात सुतक आलं तर काय, अशी घरात कुजबुज सुरू झालीय. मी दिवसभर धावते. रात्री ते म्हणतात, ‘मातशें बस गो हांगा,’ जरा बस गं इथे. मी म्हणते, आले, आणि धुणं वाळत घालायला जाते. परवा म्हणाले, ‘माझी पेटी कुणाला द्यायची गो?’ मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नका. ते भिंतीकडे वळले.

आणि एक कुणालाच सांगितलेलं नाही. कधी कधी वाटतं, सुटले तर बरं. मी वाईट आहे का?

प्रिय बाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पेटीच्या वाक्याशी अडले. बाकीचं बोलूच, पण आधी हे.

मास्तरांना कळलंय. गृहपाठ न करता आलेलं पोर चेहऱ्यावरून ओळखण्यात ज्याची उमर गेली, त्याला बायकोचा चेहरा वाचता येणार नाही? पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत, सदरा अंगावर लोंबतोय, आणि इस्पितळातून घरी आणताना पुढच्या तपासणीची तारीख कुणी दिली नाही. कावीळ मुरल्याची गोष्ट ते तुमच्या समाधानासाठी ऐकून घेतात. पेटीचा प्रश्न विचारून त्यांनी दार जरासं किलकिलं केलं होतं, तू घाबरून ते लावून घेतलंस. मीही माझ्या वेळी तेच केलं. पण ते पुन्हा उघडता येतं, आणि तुझ्याकडे अजून दिवस आहेत.

त्यासाठी मोठं काही बोलायला नको. आजाराचं नाव, किती दिवस राहिले, असलं काही त्यांच्या अंगावर टाकायचं नाही. आज रात्री ‘मातशें बस’ म्हणाले की हातातलं खाली ठेव आणि बस. धुणं राहू दे, या पावसात तसंही वाळत नाही. आणि म्हण, ‘तुम्ही परवा पेटीचं विचारलंत, मी तोडून टाकलं. सांगा, कुणाला द्यावीशी वाटते?’ मग गप्प राहा. हेच अवघड आहे. तुझ्या जिभेवर दहा वाक्यं येतील, ती गिळ. कदाचित ते एखाद्या विद्यार्थ्याचं नाव घेतील. कदाचित विचारतील, ‘मी आता काही उठत नाही, नाही?’ तेव्हा ‘उठाल हो’ म्हणू नकोस. ‘मलाही तसंच वाटतं. पण मी आहे इथे,’ एवढं म्हण. रडू आलं तर येऊ दे. आत्ता तुम्ही दोघं एकाच घरात एकमेकांपासून लपून रडताय, त्यापेक्षा ते बरं. आणि त्यांनी विषय बदलला तर तूही बदल. किती ऐकायचं, किती नाही, हे त्यांनीच ठरवायचं.

आता जेवण. नणंदेशी तुझे रोजचे खटके तिथेच उडतात.

माझे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्या शेवटच्या आठवड्यातला एक चमचा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पेज केली होती, उकड्या तांदळाची, वरून मीठ. मी त्यांची मान हातावर घेतली आणि चमचा ओठांना लावला. त्यांनी दात मिटले. पेज हनुवटीवरून गळ्याशी ओघळली. मी पुसली, पुन्हा चमचा भरला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं. ढकललं नाही, नुसतं धरून ठेवलं. त्या हातात जोर नव्हताच. मी काय केलं? ‘एकच घास, माझ्यासाठी’ म्हणून तो हात बाजूला केला. ते धरलेलं मनगट म्हणजे त्यांचं बोलणं होतं, हे मला ते गेल्यावर कळलं. तुला आधी कळावं म्हणून हे लिहितेय.

शरीर आवरतं घ्यायला लागलं की भूक आधी जाते. आतडी मंदावतात. कर्करोगात शरीराची अन्न वापरण्याची रीतच बिघडलेली असते, त्यामुळे बळेबळे घातलेलं अंगी लागत नाही, मळमळ आणि फुगारा तेवढा वाढतो. मास्तरांना रोग खंगवतोय आणि त्यानेच त्यांची भूक नेलीय. तू उपाशी ठेवत नाहीस. नणंदेला हे तुझ्या तोंडून पटणार नाही, डॉक्टरांकडून सांगव. तिच्यावर रागावू नकोस, भावासाठी काहीतरी करायला तिचे हात शिवशिवताहेत. तिला काम दे. पायांना कोमट खोबरेल लावायला सांग. हे काम बहिणीने करावं असंच आहे.

सलाईनचंही तेच. शेवटच्या दिवसांत दिलेलं जास्तीचं पाणी शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते पायांत, पोटात, छातीत उतरतं आणि श्वास जड होतो. बाटली टांगलेली दिसली की पाहणाऱ्यांना बरं वाटतं, पण सुई तर मास्तरांच्याच हातात टोचायची ना? तोंड कोरडं पडतं, तो त्रास मात्र खरा असतो आणि त्याचा उपाय तुझ्या हातात आहे. मऊ सुती फडकं पाण्यात बुडवून नीट पिळ आणि तासा-दोन तासांनी ओठ, हिरड्या, जीभ ओली कर. ओठांना खोबरेल लाव. गिळता येतंय तोवर उशाला उंच करून पेजेची निवळ, शहाळ्याचं पाणी, सोलकढीचा एखादा घोट दे. मागतील ते दे, मागतील तेवढंच दे.

मुंबईबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नका. तिथे वेगळा उपचार असता तर इथल्याच डॉक्टरांनी तुम्हाला पाठवलं असतं. मनाच्या शांतीसाठी दिरांनी फाइल घेऊन एकट्याने जाऊन यावं. मास्तरांना दहा-बारा तास गाडीत घालू नये.

मॉर्फिनचं मात्र आजच्या आज बदल. ते कण्हायला लागल्यावर गोळी द्यायची ही पद्धत उलटी आहे. कळ एकदा डोक्यावर चढली की तिला उतरवायला जास्त औषध लागतं. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची असते, कळ येण्याआधी. तुमच्या कागदावर जे वेळापत्रक लिहिलंय ते पाळ, आणि मधेच कळ उठली तर जादा किती द्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घे. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, थोडी मळमळ होते, मग ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, त्यासाठी पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. दिलेलं नसेल तर मागून घे. यकृत दुबळं असल्यामुळे डोस आपल्या मनाने वाढवू नकोस आणि मनाने बंदही करू नकोस. शेजारी म्हणतात त्यात एवढंच खरं की मॉर्फिन अनेकांना अगदी शेवटी दिलं जातं, म्हणून ते दिल्यावर माणूस गेल्यासारखं दिसतं. नीट मापात दिलेलं मॉर्फिन जीव घेत नाही. दुखणं उतरलेला माणूस दोन शब्द बोलू शकतो, हे तुला चार दिवसांत दिसेल. आणि पुढे गिळता येईनासं झालं तर औषध कसं द्यायचं, कातडीखाली सुई की चिकटपट्टी, ते आत्ताच विचारून ठेव. रविवारी रात्री दोन वाजता हा प्रश्न पडला तर उत्तर द्यायला कुणी नसतं.

घरी झेपेनासं झालं तर लोटलीला शांती अवेदना सदन आहे, बोरीचा पूल ओलांडला की फार लांब नाही. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला या संस्थेने भारतातलं पहिलं असं सदन सुरू केलं, लोटलीचं हे तिचंच. पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांना तिथे ठेवून घेतात, वेदना सांभाळतात, पैसे घेत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत. अवेदना म्हणजे वेदना नसणं. तिथे नेलं म्हणजे टाकून दिलं असं कुणी म्हणेल, म्हणू दे. तिथलं सगळं सिस्टर बघतात आणि बायकोला फक्त नवऱ्याजवळ बसायला मिळतं. निदान एकदा जाऊन बघून ये, सल्ला तरी मिळेल.

घरीच ठेवायचं असेल तर तुला माणसं लागतील. तू लिहिलं नाहीस, पण मला चित्र दिसतंय: संध्याकाळी भजनी मंडळातले आठ-दहा जण येतात, खोलीत दाटीवाटीने बसतात, मास्तर डोळे मिटून घेतात आणि तू आत चहा करत असतेस. हे थांबव. एका वेळी दोघांनी यावं, अर्धा तास बसावं, चहा घरून पिऊन यावं. नाही म्हणायला तुला जड जाईल, दिरांना सांगायला लाव. त्याच माणसांकडे रात्री माग. गावातली माणसं विचारतात, ‘काही लागलं तर सांगा.’ त्यांना खरंच सांग. मंगळवारी तुम्ही रात्री दहा ते दोन बसा, गुरुवारी तुमची सून दुपारी येऊ दे. एकजण औषधाच्या दुकानात जाईल, एकजण चादरी नेऊन धुऊन आणेल. तू झोप. सलग चार तास तरी.

दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, माकडहाड, टाचा, खुबे बघायचे, लाल चट्टा दिसला तर त्या अंगावर झोपवायचं नाही. हवेची गादी भाड्याने मिळते. पण श्रावणात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, पंप बंद पडला की गादी बसते, तेव्हा हाताने कूस बदलणं चालू ठेवायचं. दमट हवेत पाठ ओली राहू देऊ नकोस.

मुलाला आज फोन कर. ‘कधी’ हा प्रश्नच नाही. बोटीवरून उतरायचं म्हणजे कंपनीची परवानगी, बदली माणूस, पुढचं बंदर, विमान, एवढं सगळं आलं, त्याला आठवडे लागू शकतात. इस्पितळातून आजाराचं पत्र घेऊन त्याच्या कंपनीला पाठव. आणि त्याला खरं सांग, ‘बाबा थोडे आजारी आहेत’ असं नको. अंत्यदर्शनाला पोहोचण्यापेक्षा बाप ओळखतोय, बोलतोय तेव्हा येणं मोलाचं. नाहीच जमलं तर मोबाइल कानाशी धर आणि दोघांना बोलू दे. त्याने आपल्या आवाजात काही रेकॉर्ड करून पाठवलं तर तेही ऐकव. शुद्ध हरपलेल्या माणसालाही शेवटपर्यंत ऐकू येत असावं. कॅनडातल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मरणाच्या दारातल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचे मेंदू आवाजांना दाद देताना दिसले होते. म्हणून खोलीत त्यांच्याविषयी ‘ते’ म्हणून बोलू नका, त्यांच्याशी बोला. आणि सुतकाची, जमिनीची, खर्चाची चर्चा बाहेर बाल्कांवावर, दारापुढच्या बैठकीवरही नको. आपल्या घरांच्या भिंती काही एवढ्या जाड नसतात.

पुढे काय काय दिसेल ते सांगते, म्हणजे तू दचकणार नाहीस. झोप वाढत जाईल, दिवसाचे अठरा-वीस तास. मध्येच ते गेलेल्या आईशी बोलतील, कोपऱ्याकडे बघून कुणाला तरी हाक मारतील. खोडून काढू नकोस, विचार, ‘आई काय म्हणते?’ लघवी कमी आणि गडद होईल. अस्वस्थ होऊन चादर ओढायला लागले तर आधी लघवी तुंबलीय का, पोट साफ झालंय का, दुखतंय का ते बघ, आणि डॉक्टरांना कळव, त्यावर औषध असतं. मग एखाद्या दिवशी अचानक टवटवी येईल, बसतो म्हणतील, आइस्क्रीम मागतील. द्यावं. विझण्याआधी ज्योत मोठी होते म्हणतात ती हीच. सगळ्यांना होतंच असं नाही, पण झालं तर त्या दिवशी पाहुणे जमवू नकोस, तो दिवस तुझा आणि मुलाचा.

अगदी शेवटी हात-पाय गार पडतात, गुडघ्यांवर, तळव्यांवर निळसर-जांभळे डाग येतात. श्वास भरभर चालतो, मग थांबतो, पंधरा सेकंद, अर्धं मिनिट, आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ती ऐकवत नाही, पण बेशुद्धीतल्या माणसाला तिचा त्रास होत असेल असं डॉक्टर मानत नाहीत. घशातला ओलावा गिळता किंवा खोकून काढता येत नाही, त्याचा तो आवाज असतो. कुशीवर वळवलं की कमी होतो.

याच वेळी घर भरेल आणि कुणीतरी गंगाजलाची वाटी आणेल. बाय, इथे तू खंबीर राहा. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात दहा जणांनी दहा चमचे घातले तर पाणी श्वासनलिकेत जातं, माणूस गुदमरतो. तुळशीचं पान गंगाजलात बुडवून ओठांना लावावं, सगळ्यांनी लावावं, त्यात सगळं आलं. दुसरं, जीव जाण्याआधी खाली घ्यायची रीत. वडीलधारे आग्रह धरतील. हाडन्‌हाड दुखणाऱ्या शरीराला उचलून शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवणं म्हणजे शेवटच्या घटकेला कळ देणं. मास्तरांची स्वतःची इच्छा तशी असेल तर वेगळी गोष्ट, आणि ती त्यांनाच विचारता येईल. नसेल तर श्वास थांबल्यावर खाली घ्या. तुमच्या भटजींशी आधीच बोलून ठेव. समजूतदार असतील तर तेच वडीलधाऱ्यांची समजूत काढतील.

चवथीच्या कुजबुजीबद्दल मला फार लिहायचं नाही, कारण राग येतो. सुतक आलं तर गणपतीचं काय, हे भटजी ठरवतील, दर घराण्याची त्याची रीत असते. चवथीच्या आत की नंतर, असं माणसाच्या जाण्याचं वेळापत्रक कुणी मनात मांडू नये. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान बाजारात मिळत राहील. दिरांना हे माझ्या नावाने वाचून दाखव हवं तर.

आता कागद, भराभर. मास्तरांनी ‘नळ्या नकोत, मशीन नको’ असं कधी म्हटलं असेल तर ते लिहून घ्यायची सोय कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असं इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपल्या गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, गोव्यातलं ते पहिलं. मास्तर शुद्धीत आहेत तोवरच ते होईल. तेवढी ताकद नसेल तर निदान त्यांच्या तोंडून डॉक्टरांना ऐकू दे आणि फाइलमध्ये लिहायला सांग. घरातही सगळ्यांचं एकमत करून घे, कारण ऐन वेळी कुणी घाबरून १०८ फिरवला तर रुग्णवाहिका येणार, इस्पितळात नेणार, छाती दाबणार. ते त्यांचं कामच आहे. त्याऐवजी गावातल्या डॉक्टरांना आजच विचार, ‘रात्री-अपरात्री याल का आणि दाखला द्याल का?’ मृत्यूची नोंद २१ दिवसांत पंचायतीत होते, त्याला तो दाखला लागतो. मालमत्तेच्या कागदावर मास्तरांची सही घ्यायला कुणी आलं तर वकिलाशिवाय होऊ देऊ नकोस. गोव्याच्या कायद्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात, निम्मा वाटा तुझा आहेच. हे डोक्यात ठेव आणि विसर, आत्ता तो विषय नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. ‘सुटले तर बरं’ असं वाटतं म्हणून तू वाईट आहेस का? नाही. मलाही वाटलं होतं. मी ते देवापुढेसुद्धा बोलले नव्हते, एका रात्री गॅसवर पाणी तापत होतं तेव्हा मनात आलं आणि मी हातातलं भांडं खाली ठेवून तिथेच बसले. पुढे मी अशा बऱ्याच बायकांशी बोलले, पुरुषांशीही. ज्यांनी खरोखर रात्री जागून काढल्यात, त्यातल्या बहुतेकांनी हे कधीतरी कुणाला तरी सांगितलं, खालच्या आवाजात. ज्याला वेदना बघवत नाहीत त्यालाच असं वाटतं. आणि त्यात तुझी स्वतःची दमणूकही आहे, तीही मान्य कर. पाच महिने तू नीट झोपलेली नाहीस. तुला उद्याचा दिवस संपायला हवा असतो. त्यात मास्तर नकोसे झालेत असं नाही.

एक भीती अजून असते, तू लिहिली नाहीस तरी सांगते. ‘मी पाणी आणायला गेले आणि तेवढ्यात ते गेले तर?’ तसं होऊ शकतं. माझे यजमान मी अंघोळीला गेले असताना गेले. अनेक वर्षं मी स्वतःला बोल लावला. नंतर एका सिस्टरने सांगितलं, तिने असं खूपदा पाहिलंय: घरची माणसं रात्रंदिवस हात धरून बसतात, आणि कुणी जरा उठलं की तेवढ्यात माणूस जातो. का, ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर मी स्वतःला बोल लावणं सोडलं. तू गेल्या पाच महिन्यांत किती सोबत केलीस, हे त्या एका क्षणावर ठरत नाही.

म्हणून आज दोन कामं कमी कर. धुणं शेजारच्या सुनेकडे दे. आल्यागेल्याचं चहापाणी बंद. संध्याकाळी दिवा लावून झाला की खुर्ची खाटेजवळ ओढ. त्यांचा हात तुझ्या हातात घेऊ नकोस, तुझा हात त्यांच्या हाताखाली ठेव, म्हणजे त्यांना नको वाटला तर काढून घेता येईल. जायांची फुलं आवडत असतील तर उशाशी दोन ठेव, आधी वास सोसतो का विचार, आजारात वास नकोसे होतात. आणि भजनी मंडळातला एखादा पोरगा असेल, मास्तरांकडेच पेटी शिकलेला, त्याला बोलव. पेटी देवळात असेल तर घरी आणायला सांग. त्याने खोलीच्या दाराशी बसून हलक्या हाताने वाजवावी, भाता फार न फुगवता. मास्तर डोळे मिटून पडले असले तरी त्यांची बोटं बघ चादरीवर.

पेटीचं काय ठरलं ते सवडीने कळव. घाई नाही.

तुझी,
ताई